कोरमअभावी तहकूब

"काय मग, हद्दवाढ व्हावी का नको?" उचगावात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुठंही गाठतो. कटिंगच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून पहाटे तावडे हॉटेलला उतरल्यावर रिक्षात. गंमत म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याचं मत तयार असतं, आपण फक्त मान हलवायची.

तर या वीकेंडला याच विषयावर. पण हद्दवाढ हवी की नको हे मी सांगणार नाहीये. त्या वादात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटते आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महागाची आहे.

ज्यांना उचगाव माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पुणे-बंगळूर हायवेवरून कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलचा चौक लागतो, तोच हा भाग. शेजारी गांधीनगरची कापडाची होलसेल बाजारपेठ, पलीकडं वळिवडे (दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती ते, फाळणीनंतर तिथंच सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर उभं राहिलं). एका अंगाला शिरोली एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगाव. मधे उसाची रानं होती, त्यांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर कॉलन्या झाल्या. फौंड्रीत कामाला असलेल्यांनी आयुष्यभराच्या पगारातून दीड-दोन गुंठे घेऊन घरं बांधली. आता त्यांची पोरं पुण्या-बंगळूरला कॉम्प्युटरपुढं बसतात.

जनगणनावाल्यांकडं अशा गावांसाठी एक शब्द आहे: जनगणना शहर. लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००. तिन्ही अटी बसल्या की जनगणनेच्या पुस्तकात ते शहर. ग्रामविकास खात्याच्या पुस्तकात मात्र ते गावच! उचगाव असंच दोन पुस्तकांत दोन नावांनी राहतं. कारभार ग्रामपंचायतीचा आणि प्रश्न सगळे शहराचे: सांडपाणी, कोंडाळा, पार्किंग, भटकी कुत्री, पावसाळ्यात रस्त्यावर येणारं गटार.

त्यात पैशाची अजून एक मेख आहे. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ मध्ये, केंद्राकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीचं वाटप झालं ते मुख्यतः २०११ च्या लोकसंख्येवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ला. म्हणजे २०११ नंतर ज्या कॉलन्या उभ्या राहिल्या त्यातली माणसं रस्ता वापरणार, पाणी भरणार, कचरा टाकणार, पण निधीच्या हिशोबात ती जन्मालाच आलेली नव्हती. शहराला चिकटलेल्या प्रत्येक गावाचं हेच दुखणं होतं. दोन हजार वस्तीच्या डोंगरी गावाला दहा-पंधरा वर्षांनी फारसा फरक पडत नाही, उचगावला पडतो.

आता हद्दवाढ. कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ साली. पुढची पन्नास वर्षं शहराची हद्द होती तिथंच राहिली, ६६.८२ चौरस किलोमीटर. शहरवाल्यांचं म्हणणं, गावं आमच्या जिवावर वाढली, आमचे रस्ते, आमची केएमटी, आमचे दवाखाने वापरतात, आणि हद्द वाढल्याशिवाय शहराला पुढं जागा नाही, निधीही नाही. गाववाल्यांचं म्हणणं, आत गेलो की घरफाळा वाढणार, राहिलेल्या रानांवर आरक्षणं पडणार, आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांना तुम्ही आजवर काय दिलं ते दिसतंयच की. २०१६ साली दोन्ही बाजू रस्त्यावर होत्या. शहरात हद्दवाढीसाठी आंदोलन, गावांत हद्दवाढीविरुद्ध. मधला मार्ग म्हणून २०१७ साली ४२ गावांचं कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. त्याने वाद मिटला नाही हे सांगायला नको. तावडे हॉटेलचा परिसर महापालिकेचा का उचगावचा, यावर तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

दोन्ही बाजूंचं मला निम्मं-निम्मं पटतं. पण दोन्हीकडच्या भाषणांत एक शब्द जवळजवळ कधीच येत नाही: ग्रामसभा.

हसू नका. :)

ग्रामसभा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं येतं ते शाळेच्या पटांगणातलं टेबल, त्यावर पाण्याची बाटली, खरखरणारा माईक आणि दोन गटांची बाचाबाची. ते चित्र खोटं नाही. पण कायद्याने ती काय आहे ते बघा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य. निवडून आलेला नव्हे, नेमलेला नव्हे, आपोआप सदस्य. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून तिचं नाव थेट राज्यघटनेत आहे. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा तर लोकांच्या डोक्यात पक्क्या बसल्यात. त्याआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची. गावाचा विकास आराखडा तिच्यापुढं, खर्चाचा हिशोब तिच्यापुढं, घरकुलाची यादी तिच्यापुढं. तुम्ही उभं राहून विचारू शकता, "ह्या गटारीचं बिल किती निघालं?" आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या म्हणू शकता.

हे शहरात आहे का? नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्यात बसतात नगरसेवक. सामान्य मतदाराची सभा म्हणून महाराष्ट्रात २००९ साली 'क्षेत्रसभा' कायद्यात आली खरी. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जण आजवर क्षेत्रसभेला गेलेत? बरं, किती जणांनी हा शब्द ऐकलाय? पुण्याने २००६-०७ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला सुरुवात केली, चांगली गोष्ट आहे. पण तिथं फॉर्म भरून द्यायचा. समोर बसून हिशोब विचारायचा नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९ साली शहराच्या बजेटसाठी वस्तीवस्तीतून सभा घेतल्या तर जगभर त्याचे पेपर निघाले. आमच्याकडं तसली सभा घटनेत लिहून दिलेली आहे, आणि ती आम्ही कोरमअभावी तहकूब करतो.

कोरमचा आकडाही ऐका. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी असेल तो. हजारो मतदारांच्या गावात म्हणजे शंभरच. शंभर माणसं! गणपतीच्या महाप्रसादाला एका मंडळापुढं याच्या कितीतरी पट पंगती उठतात. आणि पुढची गोम अशी, की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागतच नाही. म्हणजे तुम्ही आला नाहीत म्हणून निर्णय थांबत नाही, फक्त तो घेणाऱ्यांची संख्या कमी होते. हा नियम शहराला चिकटलेल्या सगळ्याच मोठ्या गावांना सारखाच लागू आहे. मी एकट्या उचगावाबद्दल बोलत नाहीये.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "आजकाल लोकांना सार्वजनिक कामात इंटरेस्टच नाही राहिला." साफ खोटं. कोल्हापुरात तर शंभर टक्के खोटं.

टोलचं आंदोलन आठवा. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते बीओटीवर करायचे, २२० कोटींचा प्रकल्प, बदल्यात ३० वर्षं टोल. मी तेव्हा कॉलेजात नुकता गेलो होतो, आणि मला आजही नवल वाटतं ते गर्दीचं नव्हे, गर्दीतल्या वयांचं. पुढं एन. डी. पाटील. जन्म १९२९ चा, म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले तेव्हा ८४ वर्षांचे. त्यांच्याबरोबर ८० वर्षांचे गोविंद पानसरे. मागं तालमींची पोरं, रिक्षावाले, दुकानदार, पेन्शनर, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, कॉलेजची टाळकी. सगळे पक्ष एका कृती समितीत. आजोबा, बाप आणि नातू एकाच मोर्चात चाललेत, हे दृश्य त्या काळात कोल्हापूरला नवीन नव्हतं. पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, टोल रद्द झाल्याचं त्यांना बघायला मिळालं नाही. ती घोषणा झाली डिसेंबर २०१५ मध्ये.

माझ्या वयाच्या पोरांना त्यातलं काय आठवतं? जळालेले नाके. व्हिडिओ अजून फिरत असतात, वर 'नाद करायचा नाय' लिहून. पण माझं मत विचाराल तर टोल काही जाळपोळीने गेला नाही. त्यामागं कंटाळवाणं काम होतं. रस्त्यांची मोजणी. किती लांबी ठरली होती, किती झाली, कुठली गटार करारात होती आणि जागेवर नाही, झालेल्या कामाची खरी किंमत किती. या फेरमूल्यांकनात गावातल्या इंजिनिअर-आर्किटेक्ट मंडळींनी भाग घेतला. मोर्चाने सरकारला टेबलापाशी आणलं, पण टेबलावर ठेवायला आकडे लागतात. ते ज्यांनी गोळा केले त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर तसाच. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि ट्रकची रांग लागली. त्या अनोळखी ड्रायव्हर लोकांना आजूबाजूच्या गावांनी खाऊ घातलं. कुणी आदेश काढला नव्हता, कोरम मोजला नव्हता. २०२१ ला पुन्हा पूर, २०१९ पेक्षाही वर. पुन्हा तीच धावपळ, तेच डबे.

म्हणजे माणसं आहेत. संकट आलं की येतात, विरोध करायचा म्हटलं की येतात. कुणाची तरी जिरवायची असेल तर जरा जास्तच येतात, आपला स्वभावच आहे तो. पण संकट नाही, शत्रू नाही, नुसतं वर्षभराचं काम आहे, तिथं आपली गाडी पंक्चर. गंमत अशी की टोलला लागला तो चिवटपणा आणि गटारीला लागतो तो चिवटपणा एकाच जातीचा आहे. फक्त गटारीसमोर घोषणा देता येत नाही.

का येत नाहीत लोक? आळस हे सोपं उत्तर झालं. मला दोन कारणं जास्त खरी वाटतात.

पहिलं कारण, मतदार यादी. कॉलन्यांत राहणारे पुष्कळ जण मूळचे गडहिंग्लज, भुदरगड, राधानगरीकडचे. घर इथं, मत गावाकडं. का, तर गावच्या निवडणुकीत भावकीला मत लागतं, आणि गावचं नाव तोडल्यासारखं वाटतं. भावना समजते. पण मग इथल्या ग्रामसभेत तो सदस्यच नाही. तीस-तीस वर्षं घरफाळा भरतो, आणि सभेत उभा राहिला तर कुणीही विचारू शकतं, "पाव्हणं, तुमचं नाव हाय का यादीत?" बरोबर उलटं त्याच्या पोराचं. पोराचं मत उचगावात आहे आणि पोरगा हिंजवडीत.

दुसरं कारण, जुनं गाव आणि नवी कॉलनी. गावठाणातल्यांना वाटतं की हे बाहेरून आलेले, ह्यांना फक्त तक्रारी करायला येतात. कॉलनीवाल्यांना वाटतं की सभा म्हणजे त्यांच्या भावकीचं भांडण, आपण कशाला मधे पडा. दोघं एकमेकांना बघतात ते गणपतीच्या मिरवणुकीत, साउंड सिस्टीमच्या भिंतीपलीकडून.

आणि यात नुकसान कसलं होतं ते मला एका नकाशावरून कळलं. आमच्या ओळखीतले एक आण्णा आहेत, पंचाहत्तरीचे, फौंड्रीतून रिटायर. जन्म गावातलाच. गेल्या पावसाळ्यात एका कॉलनीत पाणी तुंबलं तेव्हा दोन-चार पोरं मोबाईलवर सॅटेलाईटचा नकाशा उघडून पाणी कुठून येतं यावर चर्चा करत होती. आण्णा मागून म्हणाले, "ते बंद कर आधी. हिकडं वढा व्हता." पोरं बघतच राहिली. "कुठं आण्णा?" "कुठं म्हंजे? तू हुभा हायस तितं. आमी म्हसरं धुवायचो." मग त्यांनी काठीने मातीत रेघ ओढून दाखवली. ओढा कुठून यायचा, कुठं वळायचा, कुठल्या साली कुणी भर टाकली (नावं मी इथं देत नाही!). त्यातल्या एका पोराने ती रेघ नकाशावर टिपली. जिथं जिथं पाणी तुंबतं त्या जागा जवळपास सगळ्या त्या रेघेवर.

आता हिशोब करा. आण्णांना ओढा माहीत आहे, पण त्यांना नकाशा काढता येत नाही. पोराला नकाशा येतो, पण त्याच्या जन्माआधीच ओढा गेला. फौंड्रीत चाळीस वर्षं ड्रॉईंग वाचलेला माणूस गटारीचं इस्टिमेट बघून दोन मिनिटांत सांगेल की उतार उलटा पडलाय, पण ते इस्टिमेट त्याच्यापुढं कुणी ठेवत नाही. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, कुठल्या गल्लीला शेवटी येतं, याची सगळ्यात अचूक नोंद बायकांच्या डोक्यात असते, आणि महिला सभेचा रकाना सह्या घेऊन भरला जाण्याची तक्रार राज्यभर ऐकू येते. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तो कुठल्या गल्लीत आधी वापरायचा हे ठरवायला याहून चांगली माहिती कुठल्या कन्सल्टंटकडं मिळाली असती?

इथं कुणीतरी हिवरे बाजारचं नाव काढणारच. कृपा करून काढू नका. ते लहान गाव आहे, तिथं सगळे एकमेकांना ओळखतात. उचगावात एका गल्लीत पाच जिल्ह्यांची माणसं राहतात, वर दोन राज्यांचे भाडेकरू. इथं आदर्श गाव होणार नाही, आणि व्हायचीही गरज नाही. शंभर माणसं दर सभेला आली आणि त्यात सत्तरीचे, चाळिशीचे, पंचविशीचे, बायका, गावठाण, कॉलनी असं सगळं थोडं थोडं असलं तरी पुष्कळ झालं. भांडणं होतीलच. लेआउटमधल्या ओपन स्पेसचंच घ्या. पेन्शनरांना विरंगुळा केंद्र हवं, पोरांना क्रिकेट, तरुण मंडळाला गणपतीचा मांडव, आणि शेजारच्या बंगलेवाल्याला तिथं गाडी लावायची असते. आज हे भांडण होत नाही कारण ते होण्याची जागाच रिकामी आहे. त्यामुळं ज्याने आधी पत्रा मारला त्याचं ते.

आता पुन्हा हद्दवाढीकडं. समजा उद्या उचगाव महापालिकेत गेलं. गटार होईल, कदाचित. बस वाढेल, कदाचित. घरफाळा वाढेल, हे नक्की. पण त्या दिवशी मतदाराची ही सभा संपेल. पुढं तुमचा माणूस म्हणजे नगरसेवक आणि तुमची जागा म्हणजे मुख्य इमारतीचा जिना. आणि समजा नाही गेलं. तर ४२ गावांचं प्राधिकरण आणि तहकूब सभा घेऊन अजून दहा वर्षं काढायची. दोन्हीकडं तोटा आहे. तोटा कुठला पत्करायचा हे उचगावने ठरवायचं असेल तर ठरवणारी जागा आधी भरलेली पाहिजे. "गावाचा विरोध आहे" किंवा "लोकांना हद्दवाढ हवी आहे" असं पेपरात छापून येतं, त्यातला गाव म्हणजे कोण आणि लोक म्हणजे किती, हे मला एकदा मोजून बघायचंय. इंजिनिअर आहे, सवय जात नाही.

मला वाटतं हद्दवाढीला हो किंवा नाही म्हणायच्या आधी ग्रामसभेने अटींचा ठराव करावा. येणार असू तर आम्हाला क्षेत्रसभा हवी, कागदावरची नको, तारखांसकट हवी, हिशोब समोर ठेवणारी हवी. ओढ्यांचा नकाशा विकास आराखड्यात गेला पाहिजे. ओपन स्पेसची यादी जाहीर झाली पाहिजे. शहरातल्या लोकांनाही यात फायदाच आहे, कारण त्यांच्याकडंही ही सभा नाही. उचगावने मागितली तर शाहूपुरी-राजारामपुरीवालेही मागतील की. आणि येणार नसू, तर याच गोष्टी प्राधिकरणाकडून आणि पंचायतीकडून करून घ्यायच्या. ठराव एकच, फक्त वरचा पत्ता बदलायचा.

यासाठी जास्त काही लागत नाही. ज्यांचं मत गावाकडं आहे त्यांनी ते इकडं आणायचं का, यावर एकदा घरात बसून बोलावं. भावकीला फोन करून सांगावं लागेल, चार दिवस रुसवा येईल, जातो तो. आमच्यासारख्या पुण्यावाल्यांची सोय तर अशी की चारही नेहमीच्या तारखा सुट्टीच्या आहेत. २६ जानेवारीला लोक लोणावळ्याला जातात, एखाद्या वर्षी कोल्हापूरला यावं, तांबडा-पांढरा तरी मिळेल.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. त्यात विषय क्रमांकाने लिहिलेले असतात आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' असतो. आपला विषय त्या शेवटच्या ओळीवर सोडू नका. लेखी अर्ज आधी द्या, पोच घ्या, आणि मागच्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागा. आण्णांना बरोबर न्या. काठीसकट.